लेबर रूममध्ये मन कुठे ठेवायचं?

नर्सिंगला नंबर लागला की घरातली मोठी माणसं सांगतात, ‘मन घट्ट कर हो.’ पहिल्या वर्षी ट्यूटरही साधारण तेच सांगतात आणि वॉर्डातल्या सीनियर मुली ते करून दाखवतात. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो. पण तो शब्दशः पाळणारी मुलगी तिसऱ्या वर्षापर्यंत दोनपैकी एका वाटेला लागते. एक तर ती कोरडी होते आणि पेशंटवर खेकसायला लागते. नाहीतर दिवसभर हसतमुख राहते आणि रात्री होस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडते. एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग किंवा मिडवाइफरी शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं असं, की भावनेकडे बीपी-पल्ससारखं बघा. आधी ती टिपायची, मग ती कशामुळे आहे ते बघायचं आणि मग काय करायचं ते ठरवायचं. आणि बीपी घेणं जसं हाताला वळण लागून येतं, तसंच हेही येतं.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एका शोधनिबंधात मांडली. पुढे डॅनिएल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घरोघर पोचवली आणि मग कंपन्यांच्या ट्रेनिंगवाल्यांनी ती उचलली. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मात्र मूळ मांडणी जास्त उपयोगी आहे असं माझं मत आहे, कारण ती भावनिक बुद्धिमत्तेकडे क्षमता म्हणून बघते. स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखणं, त्या कशातून आल्या ते समजणं, विचार करताना त्यांचा उपयोग करणं आणि त्या सांभाळणं. यात गोड बोलणं कुठेही नाही. स्वभावाने तुसडी वाटणारी एखादी सिस्टर या चारही गोष्टींत पक्की असू शकते आणि ‘किती गं लाघवी’ म्हणून नावाजलेली मुलगी कच्ची.

कोरडेपणा येतो कुठून, हे समजून घेण्यासाठी एक जुना अभ्यास सांगते. १९५० च्या दशकाच्या शेवटी इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या नर्सिंग सेवेचा अभ्यास केला. शिकाऊ नर्सेस मोठ्या संख्येने प्रशिक्षण सोडून जात होत्या. मेन्झीसना दिसलं ते असं: दुखणं, मृत्यू, उघडी शरीरं यांनी मनात उठणारी धास्ती वाटून घ्यायची सोय रुग्णालयात नव्हती, ती जाणवूच नये अशा रीती मात्र पडल्या होत्या. काम तुकड्यांत वाटायचं, म्हणजे एका नर्सला एकच पेशंट फार वेळ भेटत नाही. विद्यार्थिनींना सतत वॉर्ड बदलायला लावायचं. आणि पेशंटला नावाने न ओळखता ‘दहा नंबर बेडचं लिव्हर’, ‘पंधरा नंबरचा न्यूमोनिया’ म्हणायचं. आपल्याकडे ‘चार नंबरची प्रायमी’ आणि ‘सात नंबरचं सीझर’ म्हणतात, एवढाच फरक. या रीतींनी धास्ती कमी झाली नाही, असं मेन्झीस यांनी दाखवून दिलं. तेव्हा वॉर्डात आल्यावर आपण कोरड्या पडतोय असं वाटलं, तर लगेच ‘मी वाईट माणूस झाले’ म्हणू नका. ती तिथली रीत आहे आणि तुम्ही ती न कळत उचलली आहे. उचललेली गोष्ट खाली ठेवता येते. पहिली पायरी म्हणजे ओव्हर घेताना बेड नंबरासोबत नावही लिहून घ्या आणि पेशंटशी बोलताना नावच वापरा. ‘ए बाई’ ऐवजी ‘सुनीताताई’.

आता लेबर रूममध्ये येऊ या, कारण विद्यार्थिनीच्या मनाची खरी परीक्षा तिथे असते.

समजा, एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण आहे. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलंय. आई बाहेर बाकावर बसलीय, नवरा गावाकडून यायचाय. बाई किंचाळतेय, टेबलावर झोपत नाही, मॉनिटरची वायर ओढतेय. तुम्ही पार्टोग्राफ भरताय, इन्चार्ज सिस्टर पलीकडे दुसरी डिलिव्हरी घेतायत आणि मावशी म्हणतात, ‘ओरडू नको गं, एवढं काय त्यात, सगळ्यांना होतं.’ तुमच्या तोंडातून पुढचं वाक्य काय निघेल? बहुतेक वेळा मावशींचंच, थोड्या चढ्या आवाजात. कारण त्या क्षणी तुम्हालाही भीती वाटत असते: बाळाचे ठोके पडले तर, सिस्टर रागावल्या तर, मला जमलं नाही तर. ही भीती रागाच्या रूपाने बाहेर पडते. लेबर रूममध्ये बायकांवर होणाऱ्या आरडाओरड्याचं, मांडीवर मारलेल्या चापटीचं, टोमण्यांचं बरंचसं मूळ मला या भीतीत दिसतं. त्यामुळे ते क्षम्य ठरत नाही, पण उपाय कुठे करायचा ते कळतं.

म्हणून आधी स्वतःकडे बघा. त्यासाठी वेगळा वेळ नकोच. साबण-पाण्याने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हे तुम्हाला पहिल्या वर्षीच शिकवलंय. त्यातली दहा सेकंदं स्वतःला विचारा: आत्ता मला काय होतंय? उत्तर एका शब्दात द्या आणि शब्द नेमका निवडा. ‘कसंतरी होतंय’ हे उत्तर नाही. भीती, चीड, किळस, लाज, कंटाळा, हेवा यांपैकी काय? किळस वाटली तर तीही मान्य करा. बेडपॅनच्या, पू भरलेल्या जखमेच्या, रक्ताच्या वासाने पोटात ढवळलं म्हणजे आपण नर्स व्हायला नालायक, असं कित्येक मुलींना वाटतं आणि त्या ते कुणाला सांगत नाहीत. वासाची सवय होते. लपवलेल्या किळसेने मात्र चेहरा आंबट होतो आणि पेशंटला तो आधी दिसतो.

मग बोला. बोलायची वाक्यं आधीच तयार ठेवा, कारण धांदलीत नवी सुचत नाहीत. ‘ओरडू नको’ ऐवजी: ‘कळ आली की माझा हात धरा, कळ गेली की सांगा.’ ‘झोप म्हणते ना!’ ऐवजी: ‘बसून बरं वाटतंय का? ठोके ऐकायचे आहेत, दोन मिनिटं कुशीवर व्हा, मग परत बसा.’ आतून तपासणीच्या आधी: ‘सिस्टर आता तपासणार आहेत, थोडं दुखेल, पाय सैल सोडा. फार दुखलं तर थांबा म्हणा, आम्ही थांबू.’ आणि खरंच थांबा. पडदा ओढा, चादर टाका. दर वेळी पुढे काय होणार ते आधी सांगा, कारण अर्धी भीती न कळण्याची असते.

हे नुसतं सौजन्य आहे असं समजू नका. भीतीने शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात, हे तुमच्याच पुस्तकात आहे. प्रसूतीत सतत कुणी सोबत असल्याने काय फरक पडतो याचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१७ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाला. त्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरचे प्रयोग पाहिले गेले. सोबत मिळालेल्या स्त्रियांची आपोआप, खालून प्रसूती होण्याची शक्यता जास्त आणि कळांचा काळ थोडा कमी असं आढळलं. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतीच्या वेळी सोबतीण आणि सन्मानाची वागणूक यांचा समावेश आहे. तेव्हा बाकावर बसलेल्या त्या आईला आत बोलवायचं का, हा प्रश्न विद्यार्थिनीनेही इन्चार्ज सिस्टरना विचारायला हरकत नाही. ‘सिस्टर, हिच्या आईला आत घेऊ का? ती माझं ऐकत नाहीये, आईचं ऐकेल.’ इतकं साधं.

भाषेचाही विचार करा. नंदुरबारकडे बाई भिलीत किंवा पावरीत कण्हते, धारणी-चिखलदऱ्याला कोरकूत, आणि मुंबईच्या रुग्णालयात हिंदी, बंगाली, तेलुगू काहीही कानावर पडतं. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी तिथल्या मावशींकडून पाच शब्द शिकून घ्या: दुखतंय का, पाणी, थांब, जोर कर, छान. मावशी आनंदाने शिकवतात आणि त्या निमित्ताने त्यांच्याशी ओळखही होते, जी पुढे फार कामाला येते.

मुलगी झाली की काही घरांतले चेहरे उतरतात, हे तुम्ही बघालच. सासूबाई दारातच विचारतात, ‘काय झालं?’ आणि उत्तर ऐकून वळतात. तुम्हाला राग येईल, यायलाच हवा. पण दारात भाषण देऊन पाळण्यातल्या पोरीचं काही भलं होत नाही. ‘मुलगी झाली, अभिनंदन. वजन दोन किलो आठशे, छान रडली, आई बरी आहे’ असं एका दमात, मोठ्याने, पेढे मिळाल्यासारखं सांगा. नंतर रागाचा उपयोग करा: संध्याकाळी त्या बाळंतिणीला जेवण आलं का ते बघा, बाळ अंगावर घेतंय का ते बघा, तिला कुणी भेटायला येतंय का हे टिपा आणि कुणी येत नसेल तर सिस्टरना, समाजसेवा अधीक्षकांना सांगा. राग दुर्लक्ष झालेल्या बाईकडे लक्ष वेधतो. भावनांचा विचारात उपयोग करणं म्हणजे हेच.

आणि मेलेलं बाळ जन्माला येतं तेव्हा? तेव्हा लेबर रूममधली सगळी माणसं एकदम कामात बुडतात. कुणी ट्रॉली आवरतं, कुणी रजिस्टर भरतं, त्या बाईकडे कुणी बघत नाही. ‘अजून वय आहे, दुसरं होईल’, ‘देवाच्या मनात नव्हतं’, ‘रडू नको, टाके ओढले जातील’ ही तिन्ही वाक्यं आपल्या सोयीची आहेत, तिच्या नव्हेत. ‘ताई, फार वाईट झालं. मी इथे आहे’ एवढं पुरतं. मग गप्प बसता आलं पाहिजे. बाळ बघायचंय का, हातात घ्यायचंय का, हे सिस्टरना विचारून तिला विचारा. नको म्हणाली तर आग्रह नको, थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारा. पोस्टनेटल वॉर्डात तिला रडणाऱ्या बाळांच्या मधोमध बेड दिला जात असेल, तर कोपऱ्यातला मिळतो का बघा. आणि एक गोष्ट आठवणीने सांगा, कारण ती बहुधा कुणीच सांगत नाही: दोन-तीन दिवसांनी दूध येईल, छाती दगडासारखी होईल. हे आधी माहीत नसलेली बाई घरी गेल्यावर त्या दुधाने दुसऱ्यांदा कोसळते. दूध थांबवायची गोळी द्यायची का हे डॉक्टर ठरवतील, पण तो प्रश्न वेळेत त्यांच्यापुढे जावा हे तुम्ही बघू शकता.

वरिष्ठांची भीती हा वेगळाच विषय. राऊंडला पेशंटसमोर बोलणी खाल्ली नाहीत अशी नर्स महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. त्या वेळी खुलासा देऊ नका; ‘हो सिस्टर, आत्ता करते’ म्हणा आणि चूक दुरुस्त करा. ड्यूटी संपताना, त्यांचा चहा झाल्यावर विचारा, ‘सकाळचं नेमकं काय चुकलं ते समजून घ्यायचंय.’ चुकीबद्दल विचारलं की बहुतेक सिस्टर समजावून सांगतात. तरीही कुणी तुमच्या जातीवरून, रंगावरून, गावावरून, आईवडिलांवरून बोलत असेल तर ते शिकवणं नाही. ते तारखेसह लिहून ठेवा आणि ट्यूटरना सांगा.

पण भीतीने सर्वांत मोठं नुकसान होतं ते गप्प बसल्याने. बाळंतपणानंतर पॅड भरभर भिजतंय, नाडी जलद आहे, बाई ‘अंधारी येतेय’ म्हणते आणि प्रशिक्षणार्थी विचार करत उभी असते: सिस्टरना उठवलं आणि काहीच नसलं तर? अशा वेळी शब्द शोधत बसायला नको म्हणून चार भागांत बोलायची पद्धत पाठ करा: आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, मला काय दिसतंय, मला काय हवंय. ‘सिस्टर, सुनीताताईंचं ब्लीडिंग जास्त वाटतंय. अर्ध्या तासापूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झालीय. पल्स १२०, बीपी ९० बाय ६०, पिशवी मऊ लागतेय. मला काळजी वाटतेय, तुम्ही आत्ता येऊन बघा.’ ‘मला काळजी वाटतेय’ हे वाक्य त्यात मुद्दाम आहे. रुग्णसुरक्षेच्या प्रशिक्षणातही ते शिकवलं जातं, कारण आकडे बिघडायच्या आधी अनुभवी नर्सला जे ‘काहीतरी बरोबर नाही’ असं वाटतं, ते सांगायला तेच वाक्य लागतं. दहापैकी नऊ वेळा काही नसेल. सिस्टर कुरकुरतील. कुरकुरू द्या.

शांत राहणं म्हणजे न घाबरणं, असा गैरसमज असेल तर मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या अंजली कुलथे यांची हकिगत माहीत करून घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी रुग्णालयात शिरले तेव्हा त्यांच्या वॉर्डात २० गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी दारं लावली आणि सगळ्या स्त्रियांना वॉर्डाच्या पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला जिन्याने लेबर रूमपर्यंत पोचवलं. पुढे त्यांनी कोर्टात कसाबला ओळखलं आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीबद्दल सांगितलं. मला त्यातून विद्यार्थ्यांना दाखवावंसं वाटतं ते कामाच्या क्रमाचं भान. आधी दार, मग माणसं, मग जिला सगळ्यात जास्त गरज आहे ती. तुमच्या साध्या नाईटलाही हाच क्रम धरता येतो: घाबरल्यावर स्वतःला ‘आता पहिलं काम कोणतं?’ एवढंच विचारा.

ब्रदर होणाऱ्या मुलांसाठी दोन शब्द. प्रसूतीच्या पोस्टिंगला बाई ‘मला भैया नको’ म्हणते, तेव्हा तो तुमचा अपमान नाही. तिच्या शरीरावरचा तिचा हक्क आहे. ‘ठीक आहे ताई, सिस्टरना बोलावतो’ म्हणून बाजूला व्हा, बाहेर ताटकळणाऱ्या नवऱ्याशी बोला. त्याच्याशी तुमच्याइतकं मोकळेपणाने तिथे दुसरं कुणी बोलत नाही. आणि मुलांनी रडायचं नसतं हे घरी शिकून आला असाल, तर ते विसरायला थोडा वेळ द्या.

ड्यूटी संपल्यावर काय? केस बुकात तुम्ही तपशील लिहिताच. त्याखेरीज एक साधी वही ठेवा आणि आठवड्यातून दोनदा, पेशंटचं नाव न घालता, काय झालं, मला काय वाटलं, काय बरं झालं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय वेगळं करीन हे लिहा. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेलं चिंतनाचं चक्र साधारण असंच आहे आणि ते परीक्षेलाही उपयोगी पडतं. ही वही व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला पर्याय आहे, हेही समजा. वॉर्डातला फोटो, बाळाचा पाय, ‘आज पहिली डेथ बघितली’ यातलं काहीही टाकू नका. मन मोकळं करायला रूममेट आहे, ट्यूटर आहे, घरचा फोन आहे. तिथेही नाव-गाव सांगायचं नाही. नाईटनंतर आधी खा, मग झोपा, मग बोला. झोपेविना केलेल्या फोनवर भांडणंच होतात. दोन आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, वॉर्डाच्या दाराशी छातीत धडधडत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही पुरणार नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे सोसणं नाही. साठ बेडच्या वॉर्डात दोन विद्यार्थिनींना ढकलून ‘हसतमुख राहा’ म्हणणाऱ्याचं ते हत्यार होता कामा नये. नातेवाईक अंगावर धावून आले, तर समजूतदारपणा दाखवत उभं राहू नका. तिथून निघा, सिक्युरिटीला बोलवा. रुग्णालयातल्या हिंसाचाराविरुद्ध २०१० पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. कुणी डॉक्टर, कर्मचारी किंवा पेशंट लगट करत असेल, तर ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ या वाटेने जाऊ नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने रुग्णालयात अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि प्रशिक्षणार्थीलाही तिच्याकडे तक्रार करता येते. त्या समितीतल्या बाईंचं नाव पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यातच बघून ठेवा. सहसा ते मेट्रन ऑफिसबाहेरच्या फळ्यावर असतं. नसेल तर विचारा, विचारल्यावर लागतं.

शेवटी ट्यूटर आणि मेट्रन मॅडमना विनंती. तुमच्या मुली वर लिहिलेलं सगळं एकट्याने करू शकणार नाहीत. लेबर रूममधली वाक्यं वर्गात, एकीला पेशंट आणि एकीला सासू करून, मोठ्याने बोलून घ्या. पहिल्या दिवशी हसतील, तिसऱ्या दिवशी जमेल. आणि वॉर्डात मृत्यू झाला किंवा बाळ गेलं, की त्या पाळीतल्या विद्यार्थ्यांसोबत दहा मिनिटं बसा. पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट लावताना ती दहा मिनिटं राखून ठेवा, आणि त्या वेळात हजेरी, रजिस्टर आणि युनिफॉर्म हे विषय काढू नका.